पेपरातल्या मांजरांची वही कशी करायची

सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यात एक बिबट्या विहिरीत पडला, मांजराच्या मागे धावता धावता, आणि मांजर पण त्याच विहिरीत. तो व्हिडिओ देशभर फिरला, तुम्ही बघितला असेलच. एवढंसं मांजर आणि त्याच्यापुढे तो अख्खा बिबट्या, दोघं समोरासमोर, पळायला कुणालाच जागा नाही. नंतर वनविभागाच्या लोकांनी बिबट्याला वर काढलं, जंगलात सोडलं, सगळं नीट झालं. पण मी वाचलेल्या बातमीत बिबट्याला सात-आठ ओळी आणि मांजराला जेमतेम अर्धी. मला काही ते पटलं नाही. बिबट्या विहिरीत पडला ही आपल्याकडे आता वर्षातून चारदा वाचायची बातमी झालीये हो, पण बिबट्याच्या तोंडासमोर पाय रोवून उभं राहिलेलं मांजर कितीदा वाचायला मिळतं? मी ती बातमी कापली, घरात पडलेल्या दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आणि वर माझ्या अक्षरात नवं हेडिंग लिहिलं, "मांजर बिबट्यासमोर उभं राहिलं." बस. तिथून सुरुवात झाली, आता तिसरी वही भरत आलीये आणि ओळखीतले लोक विचारतात की आम्हाला पण करायचीये, कशी करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी बातम्या शोधायच्या कुठे ते. पहिल्या पानावर बघूच नका, मांजर तिथे क्वचित येतं. जिल्ह्याच्या पानावर डाव्या-उजव्या कडेला एक कॉलमी बातम्या असतात, त्यात असतं, नाहीतर विदेशच्या पानावर तळाला चौकटीत. देशदूत आणि गावकरी हे तर आपले नाशिकचेच पेपर, त्यात तालुक्याच्या बारीकसारीक बातम्या येतात त्या नीट वाचायच्या, सिन्नर-निफाड-दिंडोरीकडच्या बातमीत मांजर शेवटच्या दोन ओळींत लपलेलं असतं. घरी एकच पेपर येत असेल तर केस कापायच्या दुकानात, मिसळीच्या हॉटेलात बाकीचे पडलेले असतात, संध्याकाळी प्रेमाने मागितला तर देतात लोक. आमच्या समोरच्या काकू महिन्याची रद्दी द्यायच्या आधी मला हाक मारतात, मी तासभर त्यांच्या गॅलरीत बसून चाळते आणि चहा पण मिळतो. सार्वजनिक वाचनालयात, आपल्या सावानात, जाऊन बसलात तर फारच उत्तम, १८४० पासूनची संस्था आहे ती, पण तिथल्या पेपरला कात्री लावायची नाही म्हणजे नाही. तारीख, पेपरचं नाव, पान नंबर लिहून घ्या आणि बातमी हाताने उतरवून काढा, हाताने उतरवलेली जास्त लक्षात राहते हा माझा अनुभव आहे.

मोबाईलवर शोधताना मराठीची एक गंमत आहे ती आधी समजून घ्या, नाहीतर वैतागाल. नुसतं "मांजर" टाकलं तर अर्ध्या बातम्या सुटतात, कारण बातमीत मांजर नुसतं येतच नाही, ते मांजराने, मांजरीला, मांजरांच्या, बोक्यामुळे असं येतं. म्हणून वेगवेगळी रूपं टाकून बघायची. बोका वेगळा, बोक्याने वेगळा, माऊ, मनीमाऊ वेगळं. आणि उलट "मांजरा" टाकलंत की समोर काय येतं, मांजरा धरण! लातूरला पाणी देणारं ते. पावसाळ्यात तर रोज "मांजरा भरलं", "मांजराचे दरवाजे उघडले", दोन मिनिटं माणूस खरंच विचार करतो की कुठल्या मांजराने कुठले दरवाजे उघडले. पुण्याकडचं मांजरी गाव येतं, आपल्याच जिल्ह्यातली मांजरपाडा वळण योजना येते, येवल्याकडे पाणी नेणारी, तिच्यावरची भाषणं येतात. यावर उपाय सोपा, शोधताना पुढे वजा चिन्ह लावून धरण, प्रकल्प, पाणीसाठा हे शब्द काढून टाकायचे. गूगल अलर्ट लावून ठेवला तर रोज सकाळी मेल येतो, त्यात हेच शब्द वजा करून ठेवा.

आणि एक प्रकार सरळ सोडून द्यायचा, तो म्हणजे राजकारणाच्या बातम्या जिथे मांजर नुसतं म्हणीत असतं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, मांजर डोळे मिटून दूध पितं, ही हेडिंगं मोठ्या टायपात असतात पण आत मांजर नसतंच, आत पुढारी असतो. कापू नका.

आता मांजर म्हणजे कुठलं मांजर, हे बघायला शिकणं या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे, इथे जरा थांबते. पेपरात "घराच्या माळ्यावर विचित्र मांजर" असं येतं आणि फोटोत असतं उदमांजर. उदमांजर हे मांजर नाही, त्याचं कूळच वेगळं, लांबुडकं तोंड आणि लांब शेपटी बघून लगेच कळतं. रानमांजर हे खरं मांजर, घरातल्यापेक्षा थोराड, पाय लांब, शेपटी आखूड आणि टोकाला काळी वलयं. आणि तिसरी वाघाटी, हिच्यावर माझा फार जीव आहे, जगातल्या सगळ्यात लहान रानटी मांजरांपैकी एक, पूर्ण वाढ झाली तरी दीड किलोच्या आसपास भरते, अंगावर तांबूस ठिपके, आणि ती आपल्या महाराष्ट्रात उसाच्या शेतात पिल्लं घालते! ऊसतोड सुरू झाली की दर हिवाळ्यात बातमी येते, "उसात बिबट्याचे बछडे सापडले, मजूर घाबरले", आणि दुसऱ्या दिवशी कळतं की अहो ती वाघाटीची पिल्लं आहेत, हातात मावतील एवढी. या बातम्या मी जपून ठेवते, कारण पुढचा भाग फार सुंदर असतो, वनविभागाची माणसं संध्याकाळी ती पिल्लं क्रेटमध्ये घालून जिथे सापडली त्याच जागी ठेवतात, लांबवर कॅमेरा लावतात, आणि रात्री आई येते, एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. तुम्हाला कधी शेतात अशी पिल्लं दिसली तर उचलून घरी आणायची नाहीत, दूध पाजायचं नाही, वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करायचा. वाघाटी कायद्याने संरक्षित आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिची आई जवळच कुठेतरी दबा धरून बसलेली असते.

बातमी खरी आहे का हे तपासल्याशिवाय वहीत जागा नाही, हा माझ्याकडे पक्का नियम आहे. फॉरवर्ड आलेल्या व्हिडिओला तारीख नसते, गाव नसतं. बिबट्या-मांजर-विहिरीचंच घ्या, २०२१ नंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये सिन्नर तालुक्यात पुन्हा तसंच घडलं, पुन्हा बिबट्या आणि मांजर एकाच विहिरीत, या वेळी तर मांजर जीव वाचवायला बिबट्याच्याच अंगावर चढायला बघत होतं. दोन वेगळ्या घटना, पण फॉरवर्डमध्ये एकीचं वर्णन दुसरीच्या व्हिडिओखाली आलेलं मी स्वतः बघितलंय. तेव्हा तारीख, गाव, माहिती कुणी दिली, ह्या तीन गोष्टी मिळाल्या तरच चिकटवायचं. आकड्यांचं पण तसंच. स्कॉटलंडमध्ये ग्लेनटरेट नावाच्या व्हिस्कीच्या कारखान्यात टाउझर नावाची मांजरी होती, १९६३ ते १९८७, तिच्या नावावर २८,८९९ उंदरांचा गिनीज विक्रम आहे, पण हा आकडा काही दिवस तिची शिकार मोजून त्यावरून काढलेला अंदाज आहे, म्हणून वहीत मी आकड्यापुढे "अंदाजे" असं लिहिलंय. टाउझर त्याने काही लहान होत नाही, चोवीस वर्षं ड्युटी केलीये तिने.

कापायचं-चिकटवायचं बघू. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना माहितीये की पेपर जमिनीवर पसरला की मांजर येऊन बरोबर मधोमध बसतं. आमची ठमी नुसती बसत नाही, आधी पुढचे दोन पंजे पेपरवर दाबून बघते, कागदाचा तो कुरकुर आवाज ऐकते, मग गोल फिरते आणि मला जी बातमी हवी असते तिच्यावरच पोट टेकते. तिला उठवत नाही मी, त्याऐवजी दोन पेपर पसरते, एक तिचा, एक माझा. कात्री बोथट टोकाची घ्या. स्टेपलच्या पिना, रबरबँड, दोरे पसरून ठेवू नका, मांजर दोरा गिळतं आणि तो आतड्यात अडकला तर ऑपरेशनपर्यंत जातं. फेविकॉल पातळ लागला की पेपर सुरकुततो आणि मागची शाई पुढे येते, मैद्याची खळ केली तर कसर लागते, आमची आजी खळच करायची पण तिच्या वह्या सगळ्या चाळण झाल्या. ग्लू-स्टिक सगळ्यात बरी, फक्त कडांना लावायची. वर्तमानपत्राचा कागद उन्हाने, हवेने पिवळा पडतोच, त्याच्या लगद्यात लाकडाचा अंश तसाच राहिलेला असतो म्हणून, त्यामुळे आवडती बातमी त्याच दिवशी झेरॉक्स करून घ्या, शालिमारला जाताना दोन रुपयांत काम होतं. आणि कृपा करून वह्यांच्या कपाटात डांबरगोळ्या टाकू नका, मांजराला त्या विषारी आहेत, रक्तावर आणि लिव्हरवर परिणाम होतो. कडुलिंबाचा वाळलेला पाला पानांमध्ये ठेवा, आमच्याकडे तोच आहे.

आता खरी मजा, नवं हेडिंग लिहायचं. माझ्या वहीचा सगळा जीव यातच आहे. पेपरातल्या वाक्यात मांजर नेहमी कारण असतं किंवा कर्म असतं, "मांजरामुळे वीज गेली", "मांजराला वाचवलं", "मांजर पकडलं". आपण त्याला कर्ता करायचं. शाळेत शिकलेलं व्याकरण इथे कामाला येतं. करून बघा, बातमी तीच राहते पण बघायची बाजू बदलते, आणि मग लक्षात येतं की मांजराने काहीही वेगळं केलेलं नसतं, ते चालतं, बसतं, झोपतं, जांभई देतं, धावपळ सगळी आजूबाजूच्या माणसांची.

उदाहरण देते. मार्च २०१८, इस्तंबूल, बेशिक्ताश आणि बायर्न म्युनिकचा चॅम्पियन्स लीगचा फुटबॉल सामना, मैदानात मांजर आलं. बातमी होती "मांजरामुळे सामना थांबला", वर यजमान क्लबवर कारवाईचं प्रकरण पण झालं. माझं हेडिंग, "मांजर मैदान बघायला आलं, बावीस जण थांबले." डिसेंबर २०२२, कतारचा वर्ल्डकप, ब्राझीलच्या व्हिनिसियस ज्युनियरची पत्रकार परिषद चालू, टेबलावर मांजर उडी मारून आलं आणि आरामात बसलं, शेजारच्या अधिकाऱ्याने त्याला मानेजवळ धरून खाली सोडलं, ते सोडणं लोकांना अजिबात आवडलं नव्हतं, मला पण नाही. हेडिंग, "मांजराने पत्रकार परिषद घेतली, अर्ध्यातून उठवलं." आणि एप्रिल २०२३, अल्जेरिया, रमजानची रात्रीची नमाज चालू, इमाम कुराण म्हणतायत आणि मांजर त्यांच्या अंगावर चढून थेट खांद्यावर, इमामांचा आवाज हलला नाही, हाताने त्याला नुसता आधार दिला, मांजराने त्यांच्या गालाला तोंड लावलं आणि उतरून गेलं. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल सांगता येत नाही. त्या पानावर हेडिंग आहे, "मांजराला आवाज आवडला."

नोकरीवाल्या मांजरांची पानं वेगळी ठेवा, त्यांची बातमी एकदाच येऊन संपत नाही, वर्षानुवर्षं येत राहते, म्हणून पुढे चार-पाच पानं कोरी सोडायची. लंडनच्या १० डाउनिंग स्ट्रीटवरचा लॅरी, १५ फेब्रुवारी २०११ ला बॅटरसीच्या प्राण्यांच्या आश्रयगृहातून तिथे आला, हुद्दा "चीफ माउसर", म्हणजे मुख्य उंदीरमारे, आणि २०२४ पर्यंत कॅमेरॉन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर असे सहा पंतप्रधान त्याने त्या घरात बघितले. आमच्या जुन्या वाड्यात असाच एक बोका होता, भाडेकरू बदलत राहिले, बोका तोच, नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी उंबऱ्यावर बसून ट्रंका मोजायचा. जपानच्या वाकायामा भागात किशी म्हणून छोटं स्टेशन आहे, तोट्यातली रेल्वेलाइन, माणसं ठेवणं परवडेना, तर तिथे जानेवारी २००७ मध्ये तामा नावाच्या तिरंगी मांजरीला स्टेशनमास्तर केलं, तिच्या मापाची टोपी शिवली, पगार म्हणून मांजराचं खाणं. लोक लांबून तिला बघायला यायला लागले, लाइनवर प्रवासी वाढले. २०१५ च्या जूनमध्ये ती गेली तेव्हा तिच्यावर शिंतो पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि तिची जागा नितामाने घेतली. आपलं देवळाली किंवा ओढा स्टेशन घ्या, दुपारच्या वेळी बाकावर झोपलेल्या मांजरी तिथे आहेतच की, फक्त टोपी नाही.

शास्त्रज्ञ मांजर पण आहे बरं का. १९७५ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या मोठ्या जर्नलमध्ये हेलियमवरचा एक पेपर आला, लेखक दोन, हेदरिंग्टन आणि एफ. डी. सी. विलर्ड. झालं असं की मिशिगनच्या हेदरिंग्टन सरांनी पेपर एकट्यानेच लिहिला पण सगळीकडे "आम्ही" असं टाइप केलं, कुणीतरी म्हणालं एका लेखकाला "आम्ही" चालणार नाही, आणि टाइपरायटरवर सगळं पुन्हा बडवायचं म्हणजे केवढं काम, म्हणून त्यांनी सहलेखकात आपल्या सयामी बोक्याचं, चेस्टरचं नाव घातलं, विलर्ड हे त्याच्या बापाचं नाव. आपल्याकडे कसं नावापुढे वडिलांचं नाव लावतात, अगदी तसंच! हे पान पाहुण्यांना आधी दाखवा.

सगळीच पानं हसायची नसतात. फेलिसेत, फ्रान्सची मांजरी, १८ ऑक्टोबर १९६३ ला अल्जेरियातून रॉकेटमध्ये अंतराळात गेली आणि जिवंत परत आली, तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि पुढे काही महिन्यांनी मेंदू तपासायला तिला मारलं. २०१९ मध्ये स्ट्रासबुर्गजवळ तिचा पुतळा बसला. तिच्या पानावर मी हेडिंग लिहिलं नाही, नुसतं नाव लिहिलंय.

आणि एप्रिल २०२४, नेवासा तालुक्यातलं वाकडी, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं. शेणाच्या स्लरीच्या जुन्या विहिरीत मांजर पडलं, त्याला काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा, असे पाच जणांचे जीव गेले. ही बातमी मी कापली तेव्हा हात थरथरत होता. मांजरावर माया करणाऱ्या प्रत्येकाला मी हे पान वाचून दाखवते कारण त्या जागी आपण असतो तर आपण पण उतरलो असतो. अशा खड्ड्यात विषारी वायू साठतो, ऑक्सिजन नसतो, दोन श्वासात माणूस पडतो, तेव्हा कितीही ओरडत असलं मांजर तरी आत उतरायचं नाही. अग्निशमनला १०१ लावा किंवा ११२ लावा, आणि तोवर दोरीला टोपली नाहीतर गोणपाट गुंडाळलेली फळी बांधून वरून सोडा, मांजराला नख रोवायला काही मिळालं की ते स्वतःच चढतं, मी बघितलंय. आत माणूस पडलेला असला तरी हाच नियम, मागोमाग उतरायचं नाही.

शेवटचा भाग, आपल्या गल्लीच्या बातम्या. पेपरात येत नाहीत म्हणून त्या बातम्या नाहीत असं थोडंच आहे. महिन्यातून एक तरी स्वतः लिहायची, अगदी पेपरसारखी, वर "नाशिक, दि." घालून, गाव-तारीख-माहिती कुणाची हे सगळं तपासून, आणि उगाच फुगवायचं नाही. मी गेल्या महिन्यात आमच्या किराणा दुकानातल्या मनीची लिहिली. ती रोज दुपारी तांदळाच्या उघड्या पोत्यावर झोपते, कोलमच्या, दुसऱ्या कुठल्या नाही, इंद्रायणीचं पोतं शेजारी ठेवून बघितलं तरी नाही, आणि गिऱ्हाइकाने कोलम मागितला की शेटजी तिला न उठवता मागच्या गोडाऊनमधून नवं पोतं फोडतात. हेडिंग दिलं, "मनीने कोलमचं पोतं राखून ठेवलं." झेरॉक्स काढून दुकानात नेऊन दिली. शेटजींनी चष्मा लावून काउंटरवर उभ्या उभ्या पूर्ण वाचली, मागे गिऱ्हाइकं थांबलेली, मग पेन घेतलं आणि एका ठिकाणी खोडून वर लिहिलं. मी वय चार वर्षं लिहिलं होतं. "साडेचार," ते म्हणाले, "गणपतीत आणली होती, माझ्या लक्षात आहे ना ताई." वहीत पण दुरुस्त केलंय.